पहिलें प्रकरण

गेल्या संक्रांतीस नागपुरास महालांतील एका आप्तांच्या वाड्यांत आम्ही उतरलों होतों. तेथील धाकट्या सूनबाईंनीं मोठ्या संकोचानें आपल्या प्रेमकथेचें पहिलें प्रकरण आमच्या हातीं दिलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तें सर्वांसमोर वाचावयाचें ठरलें. बारा पानांपैकीं दहा पानें अंबाझरी तलावावरील चांदण्यांत व नायिकेच्या नेत्रांच्या वर्णनांत खर्चीं पडलीं होतीं. भाषा सुरेख होती. परंतु मंडळी एकेक करून उठूं लागली. शेवटीं आजेसासूबाई म्हणाल्या, "मुलगी सुंदर आहे हें समजलें ग. पण तिला भय कशाचें आहे?"

प्रेमकथेच्या आरंभाचें सारें मर्म ह्या एका प्रश्नांत आहे, असें आम्हांस वाटतें. १८६१ सालच्या 'मुक्तामाले'ची भिस्त अद्भुतरम्य प्रसंगांवर होती. पुढें १८९० मध्यें निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. तींत यमू आपली कहाणी स्वतःच सांगते, आणि तिचें पुढें कसें होईल ही काळजी वाचकाच्या मनांत घर करते. विदर्भांतील पु. य. देशपांडे ह्यांच्या १९२७ सालच्या कादंबरीचें तर नांवच 'बंधनाच्या पलीकडे'! बंधन नसेल तेथें प्रेम सुखानें नांदेल. पण त्याची कथा कशी व्हावी?

म्हणून होतकरू लेखकांनीं पहिल्या प्रकरणांतच तीन गोष्टी वाचकाच्या पदरीं घालाव्या: नायिकेस काय हवें आहे, त्याच्या आड कोण उभें आहे, आणि ती गप्प राहिली तर काय गमावील. कुळाचा इतिहास व गांवाची शोभा मागाहून येऊं द्यावी.

हें आम्हीं सांगितलें तेव्हां सूनबाई खालीं मान घालून म्हणाल्या, "तिचें भय लिहिलें, तर लोक तें माझेंच समजतील." आम्हांस उत्तर सुचेना. आजी मात्र शांतपणें म्हणाल्या, "समजेनात का! ह्या घरांत जिला कधींच भय वाटलें नसेल, तिनें खुशाल नांवें ठेवावीं." कोणी कांहीं बोललें नाहीं.

वाचकहो, शब्द सुचत नाहींत म्हणून आरंभ क्वचितच फसतो. खरें तें सांगण्याचा धीर होत नाहीं, म्हणून लेखणी चांदण्याआड लपते. तो धीर लेखकास कित्येकदां घरच्या माणसांनींच द्यावा लागतो.

महिन्याभरानें नवें प्रकरण टपालानें आलें. चांदणें नाहीं, तलाव नाहीं. नायिका पोह्यांच्या बश्या घेऊन बैठकीच्या उंबरठ्याशीं येते. तिला पाहावयास आलेल्या मंडळींत, वराचा धाकटा भाऊ म्हणून, जो बसला आहे, त्याच्याविषयीं तिनें आजवर घरांत कोणासही सांगितलेलें नाहीं. प्रकरण तेथेंच संपतें.

सोबतच्या चिठींत दोनच ओळी होत्या: "ह्या खेपेस कोणी उठलें नाहीं. आजी रोज विचारतात, पुढें काय झालें?"