भोकं पाडलेली कार्डं आणि आमचा बिलिंग रेट

ऑनसाईटला आलं की वीकेंडला दोनच कामं असतात, कपडे धुणं आणि झोप काढणं. मागच्या शनिवारी दोन्ही टाळून ल्यों शहरात क्र्वा-रूसच्या टेकडीवर गेलो. तिथे 'मेझों दे कान्यू' नावाची जागा आहे. कान्यू म्हणजे इथले रेशीम विणकर. जुने हातमाग अजून चालवून दाखवतात.

इथल्या जुन्या घरांची छतं चांगली चार मीटर उंच आहेत. मला वाटलं, श्रीमंती! तर म्हणे माग आत मावावा म्हणून. विणकर तिथेच काम करायचा आणि तिथेच माळ्यावर झोपायचा. वर्क फ्रॉम होमच की हो!

मागाच्या डोक्यावर १८०४ च्या सुमाराचं जकारचं यंत्र. कार्डाला भोक असेल तर उभा धागा वर उचलला जातो, नसेल तर जागेवरच राहतो. वन आणि झिरो, बस्स. येवल्यात पैठणीच्या मागावर हाच 'जकार्ड' असतो. कॉलेजात पंचकार्डावर दोन मार्कांची टीप लिहिली होती, पण ते प्रत्यक्ष खटखटताना पाहून अंगावर काटा आला राव.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे एक गोष्ट फार सांगतात: यंत्र आलं, विणकर चिडले, त्यांनी दंगा केला. एआयवर वाद निघाला की आमच्या टीममधला एक जण हमखास हे उदाहरण फेकतो, 'बघ, अडाणी लोक प्रगतीला विरोध करतात.' सुरुवातीला यंत्राला विरोध झाला, मान्य. वरच्या दोऱ्या ओढणाऱ्या पोरांचं काम गेलं, तेही खरं. पण १८३१ चा उठाव यंत्राविरुद्ध नव्हताच! माग कारखानदार विणकराच्या स्वतःच्या मालकीचा असायचा. स्वतःचाच लॅपटॉप कोण फोडेल? रेशीम द्यायचा व्यापारी आणि मजुरी ठरवायचाही तोच. भांडण त्या दरावरून होतं. ऑक्टोबरमध्ये किमान दर ठरला, काही व्यापाऱ्यांनी तो धुडकावला आणि नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले. काम करून जगू, नाहीतर लढून मरू, असं त्यांच्या काळ्या झेंड्यावर होतं. डिसेंबरात सैन्य आलं, दर रद्द. १८३४ मध्ये परत उठाव, परत तेच.

मला हे लागलं, कारण आमच्या प्रोजेक्टवर यंदा टूल आलं आणि नऊ जणांची टीम सहाची झाली. काम तेवढंच. आम्ही महिनाभर कँटीनमध्ये कशावर वाद घातला? तर टूल चांगलं की वाईट यावर! वाचलेल्या तासांचे पैसे कुणाच्या खिशात गेले, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

माझ्या एका तासाचे क्लायंटकडून किती घेतात, हे मला तीन वर्षं झाली तरी ठाऊक नाही. सोमवारी स्टेटस कॉल आहे. मॅनेजरला विचारून बघतो. पुढच्या वीकेंडला इथेच सांगेन, ऑनसाईट शिल्लक राहिलं तर :)