मिनी ट्रॅक्टर स्वस्त झाला; पण लहान शेतकऱ्याला तो परवडतो का?

२२ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रोटाव्हेटर, नांगर यांसारखी अवजारेही ५ टक्क्यांच्या टप्प्यात आली. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब आणि बरेच सुटे भाग तर १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर उतरले. ३५ एचपीचा ट्रॅक्टर सुमारे ४१ हजार रुपयांनी स्वस्त होईल, असे केंद्र सरकारने तेव्हा सांगितले होते.

तेव्हापासून चार-पाच एकरवाल्या घरांत एक चर्चा पुन्हा पुन्हा होते: बैलजोडी परवडत नाही, भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही, मग आता स्वतःचा मिनी ट्रॅक्टर घ्यावा का? त्याचे उत्तर शोरूमच्या कोटेशनमध्ये सापडत नाही. ते वर्षभरात ट्रॅक्टर किती तास चालणार, यात सापडते.

मिनी ट्रॅक्टर कशाला म्हणतात?

बोलीभाषेत साधारण ३० एचपीपर्यंतच्या ट्रॅक्टरला मिनी किंवा छोटा ट्रॅक्टर म्हणतात. महिंद्राचे युवराज, जिवो आणि ओजा, स्वराजचे कोड आणि टार्गेट, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटी शक्ती, राजकोटचा कॅप्टन ही त्यातली ओळखीची नावे. देशात सर्वाधिक खपतात ते ४१ ते ५० एचपीचे ट्रॅक्टर. पण महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर जमीन आहे. एवढ्या रानात मोठा ट्रॅक्टर वळवायलाच जागा कमी पडते.

मिनी ट्रॅक्टर बहुतेक कामे करतो, पण सगळी नाही. रोटाव्हेटर मारणे, सरीतली आंतरमशागत, बागेतली फवारणी, गोठ्यातले शेणखत आणि चारा वाहणे, ही त्याची कामे. विदर्भ-मराठवाड्याच्या भारी काळ्या रानात खोल नांगरट करायची, तर दोन फाळांच्या पलटी नांगराला ४५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर लागतो. १५-२० एचपीच्या ट्रॅक्टरला ते काम सांगितले तर चाके जागेवर फिरतात आणि क्लच जळतो. म्हणजे मिनी ट्रॅक्टर घेतला तरी वर्षातून एकदा नांगरट भाड्यानेच करावी लागेल, हे आधीच धरून चालायला हवे.

करकपातीने नेमके किती वाचले?

१२ टक्के कर धरून जी किंमत होती, त्यात ५ टक्के कर लावला की ती सव्वासहा टक्क्यांनी उतरते. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून ५ लाख ५० हजारांना पडत असेल, तर तो संच आता सुमारे ५ लाख १५ हजारांना पडेल. ३५ हजार वाचले. पण हे ३५ हजार एकदाच वाचतात. ट्रॅक्टरचा खर्च मात्र दरवर्षी होतो.

तो खर्च मांडून पाहू. समजा, ५ लाख १५ हजारांचा संच दहा वर्षे वापरला आणि शेवटी दीड लाखाला विकला. मग वर्षाची घट ३६,५०० रुपये. अडकलेल्या सरासरी रकमेवर ११ टक्के व्याज धरले तर ३६,६०० रुपये. विमा, ऑइल, टायर आणि दुरुस्ती मिळून २२ हजार. एकूण सुमारे ९५ हजार रुपये. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला तरी हा खर्च टळत नाही. बैल काम नसताना वैरण खातो, ट्रॅक्टर व्याज खातो.

आता चालवण्याचा खर्च. तासाला दोन लिटर डिझेल आणि चालवणाऱ्याची मजुरी धरून तो ३०० रुपये मानू. गावात मिनी ट्रॅक्टरचे भाडे तासाला ८०० रुपये असेल, तर स्वतःचा ट्रॅक्टर चालवल्यावर तासाला ५०० रुपये वाचतात. ९५ हजार भरून निघायला वर्षाला १९० तास काम हवे.

करकपातीच्या आधी हाच आकडा सुमारे २०० तास होता. म्हणजे एवढ्या गाजलेल्या सवलतीने फरक पडला तो वर्षाला दहा-अकरा तासांचा. ज्याच्याकडे २०० तासांचे काम नव्हते, त्याच्याकडे १९० तासांचेही बहुधा नाही. भाडे, डिझेल आणि व्याजाचे दर गावागणिक बदलतील. शेतकऱ्याने आपल्या गावाचे आकडे घालून हा हिशेब करावा.

एकर तेवढेच, तास वेगळे

तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटरला एका एकराला साधारण पावणेदोन तास लागतात. चार एकरात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा घेणाऱ्याने प्रत्येक हंगामात दोनदा रोटाव्हेटर मारला, तर २८ तास होतात. पेरणीचे ८, फवारणीचे १०, खत-माल वाहण्याचे २५ धरले तरी बेरीज ७० च्या आसपास येते. भाड्याने ही कामे ५६ हजारांत होतात. स्वतःच्या ट्रॅक्टरने १ लाख १६ हजारांत. दरवर्षी ६० हजारांचा जादा भार, तोही कोरडवाहू शेतीवर.

आता तेवढ्याच चार एकरात द्राक्षबाग धरा. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बागेत फवारण्या खूप होतात. हंगामात ५० फवारण्या आणि प्रत्येकीला अडीच तास धरले तरी १२५ तास. आंतरमशागत ४० तास, खत आणि माल वाहतूक ४५ तास. बेरीज २१०. शिवाय द्राक्षाची फवारणी भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत थांबू शकत नाही. पाऊस उघडला की त्याच दिवशी औषध गेले पाहिजे, नाहीतर डावणी बाग धरते. इथे मिनी ट्रॅक्टर परवडतो.

म्हणून 'किती एकराला ट्रॅक्टर परवडतो' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते पीक, आणि त्याला वर्षात किती तास, हे विचारायला हवे.

या हिशेबात एक गोष्ट मावत नाही, ती म्हणजे वापसा. पाऊस थांबल्यावर जमीन पेरणीजोगी होते ते दिवस मोजके असतात आणि तेव्हाच साऱ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. पेरणी आठवडाभर लांबली तर होणारे नुकसान भाड्यापेक्षा मोठे असू शकते. ज्या गावात भाड्याचे दोनच ट्रॅक्टर आहेत, तिथे स्वतःच्या ट्रॅक्टरला काही हजार जास्त मोजणे शहाणपणाचे ठरू शकते. साठ हजार मोजावेत का, हा प्रश्न मात्र उरतो.

अनुदानाने गणित किती बदलते?

करकपातीपेक्षा अनुदानाचा परिणाम मोठा आहे. वरच्या उदाहरणात १ लाख अनुदान मिळाले, तर १९० तासांची गरज १६० वर येते.

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात अनुसूचित जाती-जमातीचे, महिला, अल्प आणि अत्यल्प भूधारक शेतकरी यांना किमतीच्या ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे. पण त्याला कमाल मर्यादा असते आणि ती ट्रॅक्टरच्या एचपीनुसार बदलते. त्यामुळे 'अर्धी किंमत सरकार देते' हे समाजमाध्यमांवरचे वाक्य ट्रॅक्टरच्या बाबतीत सहसा खरे ठरत नाही. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो आणि त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. 'आधी गाडी उचला, अनुदानाचे आम्ही बघतो' असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे.

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची एक वेगळी योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधने ९० टक्के अनुदानावर मिळतात. योजनेच्या नियमांत साडेतीन लाखांच्या मर्यादेत ३ लाख १५ हजार सरकारचे आणि ३५ हजार गटाचे, अशी विभागणी आहे. इथे ट्रॅक्टर गटाचा असल्याने कामाचे तास आपोआप वाढतात, आणि खरा फायदा तोच आहे.

घ्यायचाच ठरला, तर काय पाहावे?

पीटीओ एचपी: जाहिरातीत इंजिनची एचपी मोठ्या अक्षरात असते. रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर चालतो तो मागच्या पीटीओ शाफ्टवर, आणि तिथे पोहोचणारी ताकद इंजिनपेक्षा कमी असते. कोटेशनवर दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरची चाचणी करते. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा वापर आणि हायड्रॉलिकची उचल हे मोजलेले आकडे असतात. डीलरकडे त्या अहवालाची प्रत मागता येते.

रुंदी: आधी ओळींतले अंतर मोजावे, मग शोरूमला जावे. चार-पाच फुटी सरीच्या उसात बांधणी करायची तर तीन फुटांच्या आसपास रुंदीचा ट्रॅक्टर लागतो. नऊ-दहा फुटांच्या द्राक्षात किंवा वीस फुटांच्या संत्र्यात ही अडचण नसते. तिथे फांद्यांखालून जाईल अशी कमी उंची महत्त्वाची ठरते.

टू व्हील की फोर व्हील: मिनी ट्रॅक्टरचे वजन आठशे ते हजार किलोच्या घरात असते. हलका असल्याने ओल्या रानात त्याची मागची चाके लवकर घसरतात. तिथे फोर व्हील उपयोगी. मुरमाड, सपाट रानात आणि जास्त वाहतुकीच्या कामात टू व्हील पुरतो. फोर व्हील लावून डांबरी रस्त्यावर चालवला तर पुढचे टायर लवकर झिजतात.

सर्व्हिस: ऐन हंगामात पंप बिघडला आणि मेकॅनिक चार दिवसांनी आला, तर स्वतःचा ट्रॅक्टर असून नसल्यासारखा. तालुक्यात सुटे भाग मिळतात का, हे त्याच मॉडेलच्या दोन जुन्या मालकांना विचारलेले बरे. डेमो शोरूमसमोर न घेता स्वतःच्या रानात, स्वतःच्या सरीत मागावा.

सुरक्षा: अरुंद ट्रॅक्टर उतारावर आणि बांधावर लवकर कलंडतो. चालकाच्या मागची संरक्षक कमान आणि सीटबेल्ट असलेले मॉडेल घ्यावे. पीटीओ शाफ्टवरचे झाकण काढून ठेवू नये. ओढणी, साडीचा पदर किंवा धोतराचा सोगा त्यात क्षणात गुंततो.

कोकणातल्या चोंढ्यांसाठी हा सगळा विचार बदलतो. पायऱ्यापायऱ्यांच्या छोट्या भातखाचरात मिनी ट्रॅक्टरही जड पडतो. चिखलणीला पॉवर टिलर बरा, आणि त्यालाही अनुदान आहे.

कर्जाची बाजू

ट्रॅक्टरचे कर्ज पाच ते नऊ वर्षे चालते आणि हप्ते बहुधा सहामाही असतात. नऊ वर्षांत एखाद-दुसरे वर्ष बुडीत जाणार हे धरूनच चालावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला त्याच दिवसांत मराठवाडा आणि सोलापुरात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. पीक गेले तरी हप्त्याची तारीख येतेच.

कर्जमाफीच्या भरवशावर हा निर्णय घेणे तर धोक्याचे. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अल्पमुदतीचे पीक कर्ज आणि पुनर्गठित पीक कर्ज होते. ट्रॅक्टरचे कर्ज त्यात नव्हते. हप्ते थकले की ट्रॅक्टर ओढून नेला जाऊ शकतो, आणि जमीन तारण असेल तर सातबाऱ्यावर बोजा राहतो.

मग मधला मार्ग?

ज्यांचे काम १०० ते १५० तासांच्या दरम्यान आहे, त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक, ट्रॅक्टर घेऊन उरलेले तास शेजाऱ्यांना भाड्याने देणे. त्यात तासाला तेच ५०० रुपये सुटतात. पण उधारी वसूल करायची आणि दुसऱ्याच्या रानात ट्रॅक्टर झिजू द्यायची तयारी हवी. दोन, भावकीतल्या दोन-तीन घरांनी मिळून घेणे. त्यात वापशाच्या दिवशी ट्रॅक्टर आधी कोणाच्या रानात जाणार, हे खरेदीआधी कागदावर ठरवलेले बरे. त्याखेरीज कृषी अवजारे बँक जवळ असेल तर भाड्याचे दर आणि नोंदणीची पद्धत विचारून ठेवावी.

ठरवण्याआधी करायचे काम एकच आणि फुकटचे आहे. गेल्या वर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरने कोणत्या महिन्यात किती तास काम केले आणि त्याचे किती पैसे दिले, हे एका वहीत उतरवून बेरीज मारावी. बेरीज दोनशेच्या आसपास असेल तर शोरूमकडे जायला हरकत नाही. सत्तर असेल, तर जीएसटी कितीही उतरला तरी भाड्याचा ट्रॅक्टरच स्वस्त पडेल.