माळ्याचा पगार आधी ठरवा

दादरच्या शिवाजी पार्कात गेल्या काही वर्षांत जे घडले, ते राज्यातल्या प्रत्येक महापालिकेच्या उद्यान विभागाने डोळ्यांसमोर ठेवावे. मैदान सुधारायचे म्हणून तिथे लाल माती पसरली गेली, पावसाचे पाणी साठवण्याची सोय झाली, पाणी फवारण्याची यंत्रणा बसली. योजनेमागचा हेतू चांगलाच होता. पण मातीला धरून ठेवणारे गवताचे आच्छादन टिकले नाही आणि हिवाळा आला की तीच माती उडून भोवतालच्या घरांत शिरू लागली. रहिवाशांनी तक्रारींचा पाठपुरावा केला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लक्ष घालावे लागले, मातीचा वरचा थर काढण्याची भाषा झाली, आयआयटीतल्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला आणि अखेर पुन्हा गवत लावण्यावर गाडी आली. ज्या मैदानावर मुले क्रिकेटचे पहिले धडे गिरवतात आणि ज्येष्ठ मंडळी मोकळी हवा घ्यायला येतात, तिथेच श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. मैदानावर पैसा खर्च झालेला होता. त्या मैदानाची रोजची निगा कोण आणि कशी राखणार, हा प्रश्न मात्र खर्चाआधी धसास लागला नव्हता.

शिवाजी पार्क नावाजलेले, म्हणून त्याची बातमी झाली. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापुरातल्या कितीतरी प्रभागांत हीच गोष्ट लहान आकारात घडत असते. सुशोभीकरणाचा फलक लागतो, पेव्हर ब्लॉक बसतात, कारंजे उडते, फीत कापली जाते. दोन वर्षांनी कारंज्याचा पंप जळालेला असतो आणि ओपन जिमच्या यंत्रांचे पेडल निखळलेले असतात. मग त्याच बागेच्या ‘नूतनीकरणा’चा नवा प्रस्ताव येतो.

याचे मूळ महापालिकेच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. नवे काम भांडवली खर्चात मोडते. त्यासाठी राज्य शासनाचा निधी मिळतो, आमदार-खासदारांचा निधी मिळतो. नगरसेवकांच्या तरतुदीतूनही पैसे येतात. पुण्यात त्यालाच ‘स’ यादी म्हणतात, आणि पुण्यातल्या चौकाचौकांत नगरसेवकांची नावे रंगवलेली बाकडी कुठून आली हे पुणेकरांना सांगावे लागत नाही. देखभाल मात्र महसुली खर्चात येते. तिला फलक नाही, फीत नाही आणि कात्री लावायची वेळ आली की पहिला हात तिच्यावरच पडतो. कायम नेमणुकीचे माळी निवृत्त होतात, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, काम ठेकेदाराकडे जाते. ठेका थोड्या मुदतीचा. तो संपला आणि नवी निविदा अडकली, की मधले दिवस बागेला वाली उरत नाही. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असल्याने हा खंड बहुधा उन्हाळ्यातच पडतो, म्हणजे बागेला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच.

साध्या दोन एकरांच्या बागेचे मे महिन्यातले काम काय असते, ते एकदा जवळून पाहावे. ऊन चढायच्या आत पाणी घालून व्हायला हवे. आळी फुटलेली असतील तर ती पुन्हा बांधायची, नाहीतर पाणी वाटेवर वाहून जाते. गवत काढायचे, खुरपणी करायची, वाळक्या फांद्या पावसाआधी उतरवायच्या, पालापाचोळा न जाळता खड्ड्यात टाकून त्याचे खत करायचे. स्वच्छतागृह धुवायचे. झोपाळे तपासायचे. झोपाळ्याची साखळी वरच्या कडीत घासून घासून कडी आतल्या बाजूने झिजत जाते. खालून पाहणाऱ्याला ती शाबूत दिसते. शिडी लावून हाताने चाचपल्याशिवाय झीज कळत नाही, आणि ती वेळेत कळली नाही तर एखाद्या दिवशी मूल झोक्यासकट खाली येते. कडी बदलायला लागणारा खर्च किरकोळ आहे. पण ती शिडी लावणारा माणूस नेमलेला हवा, त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायला हवा आणि कडी मागितली तर ती मिळायला हवी. उद्यानाबद्दलचा महापालिकेचा खरा निर्णय हा असतो.

कायद्यानेही या बाबतीत हात सैल सोडले आहेत. मुंबई महापालिकेचा १८८८ चा अधिनियम असो वा राज्यातल्या इतर महापालिकांना लागू असलेला १९४९ चा, दोन्हींत पालिकेची कामे बंधनकारक आणि ऐच्छिक अशी विभागली आहेत. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, दिवाबत्ती, रस्ते बंधनकारक. उद्याने आणि क्रीडांगणे ऐच्छिक. एकोणिसाव्या शतकात पटकी आणि प्लेगच्या सावटाखाली नगरपालिका उभ्या राहत होत्या, तेव्हा हा क्रम समजण्यासारखा होता. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा नावानिशी समावेश केला. तरीही बाग ही पैसे उरले तर करायची गोष्ट, ही प्रशासनाच्या मनातली समजूत गेलेली नाही. उन्हाळ्यात तापणाऱ्या, काँक्रीटने भरलेल्या शहरात सावली आणि मोकळी जमीन ही सार्वजनिक आरोग्याची बाब आहे. विधिमंडळाने दोन्ही अधिनियमांत दुरुस्ती करून उद्यानांची देखभाल बंधनकारक कर्तव्यांत आणावी. दुरुस्ती एका ओळीची आहे. तिच्यामुळे अर्थसंकल्पातली कात्री रोखण्याचा आधार नागरिकांना मिळेल.

न्यायालयाने तर वाट केव्हाच दाखवली आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा परिसरातले रहिवासी लढले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दबातल ठरवले. रुग्णालय वाईट आहे असे कोणाचेच म्हणणे नव्हते. लोकांसाठी राखलेली मोकळी जागा सत्तेत बसलेल्यांनी आपल्या मर्जीने दुसऱ्या कामाला लावायची नाही, इतका साधा तो मुद्दा होता. कर्नाटकाने त्याआधी, १९७५ मध्येच, सरकारी उद्यानांच्या जतनासाठी स्वतंत्र कायदा केला होता आणि कब्बन पार्क व लालबागेला त्याचे संरक्षण मिळाले. महाराष्ट्रातल्या कोणत्या उद्यानाला असे कवच आहे?

देखभाल परवडत नाही म्हटले की दत्तक योजनेचे नाव निघते. मुंबईने त्याचा पुरता अनुभव घेतला आहे. काळजीवाहू म्हणून दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिले, त्यांचे सभासदत्व आले आणि सामान्य मुंबईकर फाटकाबाहेर राहिला. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेच्या सभागृहाने मोकळ्या जागांचे नवे धोरण मंजूर केले, त्याला एवढा विरोध झाला की मुख्यमंत्र्यांना ते स्थगित करावे लागले आणि दिलेले २१६ भूखंड परत घेण्याचे ठरले. पण म्हणून नागरिकांचा सहभागच नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ओव्हल मैदान नव्वदच्या दशकात पार रया गेलेल्या अवस्थेत होते. आजूबाजूच्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयापर्यंत जाऊन ते सावरले आणि तिथे आजही कोणीही बॅट घेऊन उतरू शकतो. दोन्हींत फरक फाटकाचा आहे. देखभाल कोणी केली यापेक्षा प्रवेश कोणाच्या हाती राहिला, हे महत्त्वाचे. दत्तक करारात बांधकामाला बंदी, मोफत प्रवेश आणि दरवर्षीचा जाहीर हिशेब एवढे जरी ठामपणे लिहिले आणि पाळले गेले, तरी रहिवाशांच्या संघटनांना या कामात घ्यायला हरकत नाही. जमिनीवर डोळा ठेवून येणारा अशा अटींना आपोआप बिचकेल.

फाटकाचा विषय निघालाच आहे, तर वेळांबद्दलही बोलले पाहिजे. राज्यातल्या अनेक शहरांत बागा सकाळी काही तास उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. हे वेळापत्रक फेरफटका मारणाऱ्यांच्या सोयीचे. दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळी असलेली घरकामवाली, डबा उघडायला सावली शोधणारा कुरिअरवाला, अभ्यासिकेचे शुल्क न परवडणारा विद्यार्थी, यांना बाग हवी असते ती दुपारी, आणि नेमके तेव्हाच कुलूप असते. कारण विचारले तर सुरक्षारक्षक पुरत नाहीत असे उत्तर मिळते. म्हणजे पुन्हा पगाराचाच प्रश्न.

पुण्याच्या टेकड्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे चुकीची देखभालही घात करते. वेताळ, हनुमान, चतुःशृंगी, तळजई, पर्वती-पाचगाव, बाणेर, महात्मा टेकडी या सगळ्या मिळून पुणेकरांचे सर्वांत मोठे उद्यान आहे, आणि ते कोणा महापालिकेने बांधलेले नाही. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरच्या जमिनीसाठी जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण सुचवले गेले. सुमारे ९७८ हेक्टरांचे हे आरक्षण शासनदरबारी मंजूर व्हायला २०१५ साल उजाडले. बरीचशी जमीन खासगी आहे. मोबदल्याचा गुंता सुटत नाही, ताबा मिळत नाही आणि मधल्या काळात अतिक्रमणे वर सरकतात. २०२५ मध्ये शासनाने या आरक्षणाचा विचार करायला पुन्हा एक अभ्यासगट नेमला. दर काही वर्षांनी मंजूर आरक्षण उकरून काढले की जमीनमालकही अडकतो आणि टेकडीही. थोडे बांधकाम चालू द्या, हा जुना आग्रह शासनाने एकदाचा फेटाळून मोबदल्याचा प्रश्न निकाली काढावा. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर आले होते. पक्षांच्या झेंड्याशिवाय इतकी माणसे एका टेकडीसाठी निघतात, याची नोंद धोरण ठरवणाऱ्यांनी घ्यायला हवी.

टेकडीवरची पायवाट कशी बिघडते, हे रोज चढणाऱ्याला ठाऊक असते. वाट उताराच्या रेषेत सरळ खाली आली की पावसाचे पाणी तिचाच ओढा करते. माती जाते, दगड उघडे पडतात, पाय मुरगळू नये म्हणून लोक कडेच्या गवतावरून चालतात, तेही मरते आणि हातभर रुंदीची वाट बघता बघता बैलगाडी जाईल एवढी होते. यावर उपाय काँक्रीटचा नाही. वाट तिरपी वळवावी, ठरावीक अंतरावर दगडांची आडवी ओळ रोवून पाणी बाजूच्या गवतात सोडावे, फाटलेल्या वाटा काटेरी फांद्या टाकून दोन पावसाळे बंद ठेवाव्यात. पावसाळा संपला की पुन्हा पाहणी. कामाला यंत्र लागत नाही, चार जाणती माणसे लागतात. गवत वाळले की वणव्याचे दिवस येतात. त्याआधी जाळरेषा काढायची. तीही दरवर्षी, न चुकता.

आणि झाडे लावण्याचा उत्साहही आवरावा लागेल. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी वन खात्याने ग्लिरिसिडिया भरमसाट लावला. हिरवाई दिसली, पण त्याच्या दाटीत मूळचे गवत आणि झुडपे मागे पडली. सालई, मोई, गणेर, पळस, पांगारा, बहावा ही इथली झाडे, आणि त्यांच्यामधले उघडे माळ ही चंडोल-तित्तिरांची जागा. ओसाड समजून त्या माळावर खड्डे खणणे ही टेकडीची सेवा नव्हे. टेकड्यांची मालकी वन खाते, महापालिका, शैक्षणिक संस्था आणि खासगी मालक यांच्यात विभागली असल्याने एकाची वाट दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन फुटते आणि दुरुस्ती कोणाचीच राहत नाही. या सर्वांनी एकत्र बसून एकच देखभाल आराखडा करावा आणि त्यात वनस्पती-पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या स्थानिक अभ्यासकांना मानाची जागा द्यावी. त्यांच्या वह्यांत टेकडीची जी माहिती आहे ती कोणत्याही सल्लागार कंपनीकडे नाही.

नवे काही करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. मलबार हिलवर मार्च २०२५ अखेर खुला झालेला सुमारे ४८५ मीटरचा उन्नत निसर्गमार्ग जमिनीला आणि झाडांच्या मुळांना धक्का न लावता माणसांना झाडीतून नेतो. वेळ ठरवून, तिकिटाने, मोजक्या लोकांना सोडले जाते. कल्पना चांगली आहे. पण लाकडी फळ्यांचा तो मार्ग मुंबईच्या पावसात उभा आहे. दरवर्षी किती फळ्या आणि स्क्रू बदलावे लागतील, त्याला किती पैसे लागतील आणि ते कुठून येतील, हे महापालिकेने आत्ताच जाहीर करावे. अशा मार्गांची मागणी इतर शहरांतूनही होईल, तेव्हा हा हिशेब सर्वांच्या कामी येईल.

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे मुंबई-पुण्यासह बहुतेक महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. बागेचा नळ तुटला तर कोणाला धरायचे हे लोकांना कळत नव्हते. आता निवडून आलेली सभागृहे आहेत. स्थायी समितीने ठराव करावा की, उद्यान, मैदान किंवा पायवाट यांच्या कोणत्याही प्रस्तावासोबत पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च, पाण्याचा स्रोत आणि नेमायच्या माणसांची संख्या जोडलेली नसेल, तर तो प्रस्ताव विषयपत्रिकेवर येणार नाही. चालू वर्षात सुशोभीकरणासाठी ठेवलेल्या रकमेतला एक हिस्सा माळी आणि रक्षकांच्या रिकाम्या जागांकडे वळवावा, आणि ठेका संपण्याच्या तीन महिने आधी नवी निविदा काढण्याची सक्ती उद्यान अधीक्षकांवर करावी. प्रभागातल्या नागरिकांनी ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि अर्थसंकल्पाच्या चर्चेत तो त्यावर बोलला का, हे पाहावे.