'शोध' नेमका कुणाचा? चित्रपट महोत्सव, आशिया आणि आपण

१/ जानेवारीत आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलेले असते आणि गावोगावी रात्रभर नाटके रंगत असतात. त्याच सुमारास पुण्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. दोन वर्षांपूर्वी गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने मी तिकडे गेले. चार दिवस आशियाई चित्रपट पाहिले आणि परतताना सर्वांना सांगत सुटले, 'मला नवा सिनेमा सापडला!' आजचा थ्रेड या 'सापडणे' शब्दाविषयी.

२/ माझे म्हणणे आधीच मांडते. महोत्सव चित्रपट शोधत नाहीत, ते निवडतात. प्रत्येक निवडीला काळ, सत्ता आणि अभिरुची यांचा इतिहास असतो. त्या निवडीतून दोन गोष्टी वारंवार निसटल्या. एक म्हणजे भयपट, गुन्हेपट, विज्ञानपट, म्हणजे ज्याला आज 'जॉनर सिनेमा' म्हणतात तो. दुसरी म्हणजे लहान गावांतला प्रेक्षक.

३/ जगातला पहिला मोठा चित्रपट महोत्सव व्हेनिसचा. तो १९३२ मध्ये, मुसोलिनीच्या राजवटीत सुरू झाला. पुढे तिथल्या पुरस्कारांवर फॅसिस्ट राजकारणाची छाया पडली. त्याला उत्तर म्हणून फ्रान्सने कान महोत्सवाची आखणी केली, पण महायुद्धामुळे तो प्रत्यक्षात १९४६ मध्ये भरला. थोडक्यात, महोत्सव ही जन्मापासूनच राजकीय संस्था आहे.

४/ 'पाश्चात्त्यांनी जपानी सिनेमा शोधला' असे म्हणताना १९५१ चे व्हेनिस आणि कुरोसावांचा 'राशोमोन' यांचा दाखला दिला जातो. पण हा चित्रपट जपानी प्रेक्षकांनी १९५० मध्येच पाहिला होता. तो व्हेनिसला पाठवावा असा आग्रह जपानमध्ये राहणाऱ्या ज्युलियाना स्त्रामिजोली या इटालियन विदुषीने धरला. निर्मिती संस्था फारशी उत्सुक नव्हती आणि खुद्द कुरोसावांना चित्रपट पाठवल्याचे ठाऊकही नव्हते. एका व्यक्तीचा हट्ट नसता, तर या 'शोधा'ची तारीख वेगळी असती.

५/ आपल्याकडचे उदाहरण त्याहून जुने आहे. प्रभातचा, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. पण मराठी प्रेक्षकांनी तो १९३६ च्या अखेरीस प्रदर्शित होताच डोक्यावर घेतला होता. व्हेनिसने त्याला जगाच्या नकाशावर जागा दिली हे खरे. त्याची थोरवी मात्र आधी गिरगावात आणि पुण्यात ठरली होती.

६/ आता २४ जानेवारी १९५२ कडे येऊ. त्या दिवशी मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. आयोजन फिल्म्स डिव्हिजनचे होते आणि २३ देश सहभागी झाले होते. भारतीय चित्रपटांत शांतारामबापूंचा 'अमर भूपाळी' होता, जपानचाही एक चित्रपट होता. पण गाजले ते इटालियन चित्रपट. 'बायसिकल थीव्ह्ज' पाहून बिमल रॉय यांना प्रेरणा मिळाली आणि १९५३ मध्ये 'दो बिघा जमीन' आला. आणखी एक बाब ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. हा महोत्सव मुंबईत थांबला नाही, तो मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्यालाही गेला.

७/ युरोप आपल्याला असा लवकर भेटला, शेजारी मात्र उशिरा भेटले. अरुणा वासुदेव यांनी आशियाई चित्रपटांना वाहिलेले 'सिनेमाया' हे नियतकालिक दिल्लीतून १९८८ मध्ये सुरू केले. १९९० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने 'नेटपॅक' ही आशियाई चित्रपटांचा प्रसार करणारी संस्था उभी राहिली. दक्षिण कोरियात बुसान महोत्सव १९९६ मध्ये सुरू झाला. मुंबईत सुधीर नांदगावकर आणि किरण शांताराम यांनी 'थर्ड आय' हा आशियाई चित्रपट महोत्सव २००२ मध्ये सुरू केला. स्वातंत्र्यानंतर अर्धशतक लोटल्यावर मुंबईकराला शेजारच्या देशांसाठी स्वतंत्र खिडकी मिळाली.

८/ आता निसटलेल्या पहिल्या गोष्टीकडे वळू. १९५४ मध्ये जपानच्या तोहो या एकाच संस्थेने दोन चित्रपट काढले, 'सेव्हन सामुराई' आणि 'गॉडझिला'. ताकाशी शिमुरा हे थोर नट दोन्हींत आहेत. पहिला व्हेनिसला गेला आणि रौप्य सिंह घेऊन आला. दुसरा अमेरिकेत १९५६ मध्ये कापाकापी करून, एक अमेरिकन पात्र मध्ये घुसवून दाखवला गेला. मूळ चित्रपटातला अणुचाचण्यांविषयीचा बराच मजकूर त्यात गळाला.

९/ हे गळणे किरकोळ नव्हते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. २३ खलाशी बाधित झाले आणि त्यांपैकी एक सप्टेंबरमध्ये दगावला. नोव्हेंबरमध्ये आलेला 'गॉडझिला' सुरू होतो तोच समुद्रात लख्ख उजेड पडून एक जहाज नष्ट होते तिथून. त्या प्रेक्षागृहात बसलेल्या जपानी माणसाला याचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१०/ कोरियाचे उदाहरण घ्या. बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) हा वरकरणी पोलीस तपासाचा चित्रपट. आधार आहे १९८६ पासून ह्वासोंग परिसरात झालेल्या खुनांचा. त्यात एका रात्री बंदोबस्तासाठी अधिक माणसे हवी असतात, पण ती निदर्शने मोडून काढण्यासाठी पाठवलेली असतात. हुकूमशाही राज्य कोणाला वाचवण्यासाठी असते, हे त्या एका प्रसंगात कळते.

११/ आणि आपले कोकण? नारायण धारपांच्या भयकथा वाचनालयांतून हातोहात फिरत असत, समीक्षेने मात्र त्यांच्याकडे क्वचितच वळून पाहिले. त्यांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला, राही अनिल बर्वे यांचा हिंदी चित्रपट 'तुंबाड' २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला. जुना वाडा, वारशाने येणारी हाव, उतरणीला लागलेली जुनी घराणी आणि शेवटी १९४७. सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून काय हवे? तरीही तेव्हा चित्रपटगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. २०२४ च्या पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली.

१२/ एक कबुली. पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या वर्षी एका मैत्रिणीने भयपटांवर निबंध लिहायचे ठरवले, तेव्हा 'हे साधन म्हणून टिकणार नाही' असे मी तिला सांगितले होते. तिने विषय बदलला. शासकीय कागदांत न उतरलेली भीती पडद्यावर उतरते, हे मला नंतर समजले. महोत्सवांची जी गाळणी मी वर दाखवली, तीच माझ्याही डोक्यात होती.

१३/ 'आता मोबाइलवर सगळे मिळते, महोत्सव कशाला?' हा आक्षेप मी ऐकला आहे. मिळते, पण जे ठाऊक असते तेच मिळते. ज्याचे नाव कधी कानावर पडले नाही, त्याचा शोध कोण घेणार? शिवाय अनोळखी माणसांसोबत अंधारात बसून पाहणे आणि बाहेर चहा पिताना वाद घालणे हा चित्रपट समजण्याचाच भाग आहे. निवड करणारा हवाच. मात्र तो कोण आहे आणि त्याने काय वगळले, हे विचारण्याची मुभाही हवी.

१४/ दुसरी निसटलेली गोष्ट म्हणजे प्रेक्षक. राष्ट्रीय महोत्सव २००४ पासून गोव्यात आहे, राज्यातले नावाजलेले महोत्सव मुंबई-पुण्यात. गोंदियाच्या विद्यार्थ्याने रात्र गाडीत काढायची, राहण्याची सोय पाहायची, मग 'शोध' लावायचा. 'खेड्यात हे कोण पाहणार?' असे म्हणणाऱ्यांनी कर्नाटकातले हेग्गोडू आठवावे. के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम' संस्थेने १९७० च्या दशकात त्या लहानशा गावात 'राशोमोन', 'बायसिकल थीव्ह्ज', 'पथेर पांचाली' असे चित्रपट दाखवले. शेतकरी कुटुंबांनी ते पाहिले आणि त्यांवर चर्चाही केली.

१५/ आमच्या झाडीपट्टीला तर फिरती कला नवी नाहीच. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने नाटक गावात येते आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतो. अशा प्रेक्षकाला सहनशक्ती शिकवावी लागत नाही. १९५२ चा महोत्सव चित्रफितींची अवजड डबडी घेऊन चार महानगरे हिंडला. आज तोच ऐवज खिशात मावतो. पुण्या-मुंबईच्या प्रत्येक महोत्सवाने आपल्या निवडीतले निदान पाच चित्रपट मराठी उपशीर्षकांसह गोंदिया, गडचिरोली, नंदुरबारला न्यावेत, आणि त्या पाचांत एक भुताचा असावा, एवढीच माझी मागणी आहे.

१६/ शेवटी तुमच्यासाठी काम. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, तुमच्या तालुक्यात फिरता तंबू-सिनेमा कधी यायचा, फिल्म सोसायटी होती का, कोणता परदेशी चित्रपट लोकांच्या लक्षात राहिला. जुने हस्तपत्रक किंवा तिकीट सापडले तर त्याचे छायाचित्र इथे टाका. पडद्याचा इतिहास बहुतेक वेळा निवडणाऱ्यांनी लिहिला आहे. पाहणाऱ्यांचा अजून लिहायचा आहे.

(समाप्त)