आकडा बरोबर असून भागत नाही

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूर बाजार समितीतली एक हिशोबपट्टी राज्यभर फिरली. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा 512 किलो कांदा, भाव किलोला एक रुपया, आणि हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता हाती उरले 2 रुपये 49 पैसे. कांद्याच्या भावावर त्याआधी मोर्चे निघाले होते, भाषणं झाली होती. पण त्या चिठोऱ्यानं लोकांना जसं हलवलं, तसं कशानंच हलवलं नव्हतं. त्याचं एक कारण असं, की ती पट्टी वाचायला कुणाची मदत लागली नाही. वजन, दर, कपात, उरलेली रक्कम. चौथी शिकलेल्यालाही वरून खालपर्यंत तोंडी हिशोब करता आला, आणि म्हणून संतापही आला.

हे मी बोलते ते माझ्या धंद्यामुळे. केम गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. लाईट बिल, विम्याचे हप्ते, गाडीची कर्जं, फोनचं बिल, सगळं समोर येतं. माणूस कागद पुढं सरकवतो आणि म्हणतो, “ताई, किती भरायचं, आन् कशाचं?” ‘किती’चं उत्तर लगेच देता येतं, ते मोठ्या अक्षरात छापलेलंच असतं. ‘कशाचं’ म्हटलं की मी चष्मा लावते.

लाईट बिलाचंच घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. यातला कुठला आकडा वापरावर बदलतो आणि कुठला घर बंद असलं तरी लागतोच, हे कागद बघून कळत नाही. मागची बाकी आणि या महिन्याची रक्कम शेवटी एकाच बेरजेत जातात. मागच्या महिन्यात भरायचं राहिलं असेल तर माणसाला वाटतं, आपण दोन पंखे नि एक फ्रिज लावून एवढी वीज जाळली की काय! आणि चालू रीडिंगच्या रकान्यात कधीकधी आकडाच नसतो, तिथं ‘आरएनए’ असलं इंग्रजी तुकड्याचं काहीतरी पडलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की रीडिंग मिळालं नाही, बिल अंदाजानं काढलंय. ग्राहकाच्या दृष्टीनं त्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची बातमी ती, आणि ती सगळ्यात बारीक अक्षरात.

कुणी म्हणेल, सगळे आकार वेगवेगळे दाखवावे लागतात, तो पारदर्शकपणाच आहे. मान्य. तपशील काढून टाका असं मी म्हणतच नाही. पण वीस आकडे एका ओळीत उभे केले की त्यातला कुठला कशातून वजा करायचा, हे ज्यानं बिल काढलं त्यालाच ठाऊक.

केम हे कुंकवाचं गाव. इथल्या कारखानदाराचं बिल बघा. कुंकवाला जीएसटी नाही, त्यामुळं कराचे रकाने नाहीत. प्रत, किलो, दर, भाडं. खाली आजची बेरीज, तिच्याखाली मागील बाकी, मग जमा, मग येणे. समोरचा व्यापारी चहा पिता पिता पडताळा घेतो आणि चूक निघाली तर तिथंच दुरुस्त होते. हे लोक काही ग्राहकसेवेचं शिक्षण घेऊन आलेले नाहीत. त्यांना माहीत असतं, की हिशोब पटला नाही तर पैसे अडकतात.

मोठ्या संस्थांचे पैसे अडकत नाहीत, हीच खरी गोम. तिथं ज्याला हिशोब पटत नाही त्यालाच रांगेत उभं राहावं लागतं.

2020 चा जून आठवा. लॉकडाऊनमुळं महावितरणचं रीडिंग बंद होतं, मधल्या महिन्यांची बिलं सरासरीनं गेली आणि जूनमध्ये रीडिंग सुरू झाल्यावर आधीच्या महिन्यांचा फरक एकदम आला. त्यातच 1 एप्रिलपासून दर बदललेले, उन्हाळ्याचे दिवस, अख्खं घर घरात. राज्यभर ओरड झाली. कंपनी सांगत होती, टप्प्यांचा फायदा दिलाय. म्हणजे तीन महिन्यांचे मिळून 300 युनिट असतील तर महिन्याला 100 धरून पहिल्याच टप्प्याचा दर लावलाय. नाहीतर वरचे 200 पुढच्या टप्प्यात गेले असते आणि त्यांचा दर दुपटीच्या घरात जातो. हिशोब बरोबर होता, असं धरून चालू. पण तो बिलावर उलगडलेला नव्हता. मग संकेतस्थळावर वेगळं पान करावं लागलं, ग्राहक क्रमांक टाका आणि हिशोब पाहा म्हणून. ते पान ज्यांना उघडता येत होतं त्यांची समजूत पटली असेल. बाकीच्यांनी पैसे भरले आणि मनात अढी ठेवली.

आणि बिल म्हणजे नुसतं पैसे मागायचं साधन नव्हे, ते कायद्याचं कागदपत्रही असतं. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी वसूल करता येत नाही. पण ती बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवत आणलेली असेल तर येते. म्हणजे कर्ज जिवंत की मेलेलं, हे बिलातल्या एका ओळीवर ठरतं. ती ओळ किती जण वाचतात? शेतमालाच्या पट्टीचंही तेच. फळं-भाजीपाल्याची अडत 2016 पासून शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. कपातीचे रकाने सुटे असतील तरच अडत कापलीय का ते दिसतं. सगळं मिळून ‘इतर खर्च’ लिहिलं की संपलं. उसाच्या बिलातल्या तोडणी-वाहतुकीच्या कपातीबद्दल तर बोलायलाच नको.

आता कागदही चाललाय. छापील बिल नको म्हटलं तर महावितरण थोडी सूट देतं, लोक घेतातही. पण आमच्याकडं मीटर केमला आणि मोबाईल नंबर पुण्यातल्या मुलाचा. मेसेज त्याला जातो, तो रक्कम बघून कामावरूनच भरून टाकतो. मीटरवरचा आकडा घरी आईला दिसतो, बिलावरचा आकडा मुलाला. दोन्ही एका माणसानं शेजारी ठेवून बघितलेत, असं होतच नाही.

मला हवंय ते फार नाही. बिलाच्या वरच्या भागात चालू रीडिंग, मागचं रीडिंग आणि त्यांची वजाबाकी. या महिन्याचे पैसे एका चौकटीत, मागची बाकी दुसऱ्या चौकटीत, आणि ती कुठल्या महिन्याची तेही. बिल अंदाजानं काढलं असेल तर मराठीत ठळक लिहा, की रीडिंग झालेलं नाही. टप्प्याच्या ओळी सुट्या: इतके युनिट गुणिले इतका दर. बाकी आकार, सूचना, आवाहनं मागच्या बाजूला खुशाल घाला. मोबाईलवरच्या मेसेजमध्येसुद्धा दोन रीडिंग बसतात.

आणि नवा नमुना छापायला जाण्याआधी तो एखाद्या गावात बाजाराच्या दिवशी आणावा. समोर येईल त्याच्या हातात द्यावा आणि विचारावं: रीडिंग घेतलंय का, मागचं किती राहिलंय, शेवटची तारीख कोणती? ज्या ओळीवर लोकांचं बोट अडखळेल ती ओळ परत लिहावी. हवं तर माझ्या दुकानात आणा. गर्दी सकाळी असते.