बागेमागची ओसाड दरी

राजवाडा पाहायला गेलेला माणूस साधारणपणे तीन गोष्टी विचारतो. खोल्या किती, खर्च किती आला आणि आता इथे कोण राहते? स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडील डनरॉबिन कॅसलमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर दारातच मिळते: १८९ खोल्या. उरलेली दोन उत्तरेही आत मिळतात. चौथा प्रश्न मात्र वाड्याबाहेर पडल्यावर सुचतो. या जमिनीवर आधी कोण राहत होते?

इन्व्हरनेसहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीने दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. डनरॉबिनचे स्टेशन म्हणजे १९०२ साली बांधलेले एक टुमदार लाकडी घर. एके काळी ते या घराण्याचे खासगी स्टेशन होते. आजही उतरायचे असेल तर गार्डला आधी सांगावे लागते. १८७०च्या सुमारास तिसऱ्या ड्यूकने स्वतःच्या खिशातून रूळ टाकून ही गाडी उत्तरेला पुढे नेली, एवढे सांगितले तरी या घराण्याच्या ऐपतीची कल्पना यावी. एकोणिसाव्या शतकात त्याच्याकडे दहा लाख एकरांहून अधिक जमीन होती.

वाडा सुंदर आहे, यात वाद नाही. समुद्रकाठच्या उंचवट्यावर टोकदार मनोऱ्यांची ती पांढुरकी इमारत परीकथेच्या पुस्तकातून उचलून आणल्यासारखी दिसते. तिच्या पोटातला जुना बुरूज मध्ययुगीन आहे. आजचे रूप १८४५ नंतरचे. लंडनच्या पार्लमेंटची इमारत उभारणारे सर चार्ल्स बॅरी यांनी ते दिले. पहिल्या महायुद्धात इथे नौसैनिकांचे रुग्णालय होते. १९१५ मध्ये आग लागली आणि सर रॉबर्ट लॉरिमर यांनी आतली दालने नव्याने सजवली. खाली १८५०ची बाग आहे, व्हर्सायच्या धर्तीवर आखलेली. कारंज्याभोवती गोल वाफे, कातरलेली झुडपे आणि पलीकडे निळा समुद्र. हिरवळीवर ससाण्यांचे खेळ चालले होते. पक्षी डोक्यावरून सपकन गेला की पोरे किंचाळत आणि आईबाप कॅमेरे सरसावत. बागेच्या कडेला १७३२चे ग्रीष्मगृह आहे, त्याचे आता संग्रहालय झाले आहे. भिंतीवरून मान काढून पाहणारा जिराफ, शिकारीतली असंख्य मुंडकी आणि त्यांच्यातच प्राचीन पिक्टिश लोकांचे कोरीव दगड असा तो अजब संसार आहे.

बाहेर पडून गोल्स्पी गावाच्या दिशेने मान वर केली की बेन ब्रॅगी टेकडीवर एक प्रचंड पुतळा दिसतो. चौथऱ्यासकट सुमारे शंभर फूट उंच. हा सदरलंडचा पहिला ड्यूक. कृतज्ञ कुळांनी उभारल्याचे सांगणारा हा पुतळा १८३०च्या दशकातला. गावकरी त्याला ‘मॅनी’ म्हणतात, म्हणजे ‘तो माणूस’. त्या बोलण्यात लाड किती आणि राग किती, हे परक्याला चटकन उमगत नाही.

जमीन मुळात त्याच्या पत्नीची, सदरलंडच्या काउंटेस एलिझाबेथची. हा नवरा ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. दोघांना जहागिरीची ‘सुधारणा’ करायची होती. आतल्या दऱ्यांमधून गेलिक बोलणारी कुळे पिढ्यान् पिढ्या थोडे धान्य पिकवीत, काळी गुरे पाळीत. त्यांच्यापेक्षा मेंढ्यांचे मोठे मक्ते अधिक सारा देतील, असा हिशेब झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हजारो माणसांना दऱ्यांतून उठवून समुद्रकाठच्या चिंचोळ्या तुकड्यांवर बसवले गेले. शेतीवर पोट भरू नये आणि माणसाने मासेमारीकडे वळावे, म्हणून तुकडे मुद्दाम लहान. डोंगरातल्या माणसाला एका रात्रीत कोळी व्हायला सांगणारी ही योजना कागदावर अगदी नीटनेटकी होती.

१८१४ साली स्ट्रॅथनेव्हर दरीत जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर माणसे घेऊन गेला. कुळांनी परत येऊन राहू नये म्हणून घरांची छपरे जाळली गेली. मार्गारेट मॅके नावाच्या अतिवृद्ध बाईला पेटत्या घरातून बाहेर काढावे लागले. काही दिवसांत ती वारली. १८१६ मध्ये इन्व्हरनेसला सेलरवर खटला चालला. ज्यूरीत जमीनदारांचाच भरणा होता. तो निर्दोष सुटला. मोकळ्या झालेल्या दरीतला मेंढ्यांचा मोठा मक्ता त्याच्याच नावावर होता.

याच कुळांच्या मुलांमधून १७९९ मध्ये ९३वी सदरलंड हायलँडर्स पलटण उभी राहिली होती. मुलगा फौजेत गेला तर घरची जमीन शाबूत राहील, या भरवशावर अनेकांनी पोरे दिली. ही पलटण आपल्याकडेही आली. १८५७च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेत तिने केलेली कत्तल प्रसिद्ध आहे. ज्यांच्या दऱ्या हिसकावल्या गेल्या त्यांच्या नावाची पलटण दुसऱ्यांची भूमी राखायला सातासमुद्रापार यावी, हा साम्राज्याचा खास विनोद म्हणायचा.

आणखी एक गंमत. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहून गुलामगिरीवर आसूड ओढणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो सदरलंडच्या डचेसच्या पाहुण्या झाल्या. १८५४च्या प्रवासवर्णनात त्यांनी या घराण्याची बाजू घेतली. या पुस्तकाचे नाव ‘सनी मेमरीज’. त्याच दरीतून उठवला गेलेला डोनल्ड मॅक्लाउड नावाचा पाथरवट तेव्हा कॅनडात होता. त्याने उत्तरादाखल लिहिलेल्या पुस्तकाला नाव दिले ‘ग्लूमी मेमरीज’. यजमानाच्या टेबलावरून दिसते ते आणि जळत्या घरातून दिसते ते, यांत एवढे अंतर पडते.

दुसऱ्या दिवशी मी स्ट्रॅथनेव्हरमधील रोझल गावी गेलो. गाव म्हणजे काय, तर गुडघ्याएवढ्या भिंती, गोठ्यांच्या आणि धान्य वाळवायच्या भट्ट्यांच्या खुणा. १९६२ मध्ये इथे उत्खनन झाले. आता पायवाट आहे, माहितीचे फलक आहेत, तिकीट नाही. वारा सोडून दुसरा आवाज नव्हता. डनरॉबिनची बाग जितकी आखीव, तितकीच ही दरी गप्प. दोन्ही एकाच वहीची पाने आहेत.

त्या घराण्याने रस्ते, पूल, बंदरे बांधली, हेही खरे. हेल्म्सडेलचे बंदर त्यातूनच आले. पण सुधारणा कोणासाठी, हा सवाल ज्यांना उठवले त्यांना कोणी विचारलाच नाही.

बेन ब्रॅगीवरचा पुतळा पाडावा, अशी मागणी १९९०च्या दशकात जोरात झाली. २०११ मध्ये त्याच्या पायथ्याचे दगड उखडण्याचाही प्रयत्न झाला. पुतळा अजून उभा आहे आणि मला वाटते, उभाच राहावा. तो गेला तर त्याच्या तोंडावरचे खोटे कशाला उत्तर म्हणून दाखवायचे? खरे उत्तर इतरत्र मिळू लागले आहे. हेल्म्सडेलला २००७ मध्ये घरदार सोडून निघालेल्या कुटुंबाचे शिल्प उभे राहिले. त्याआधी १९९३ मध्ये याच परगण्यातल्या अ‍ॅसिंटच्या लहान कुळांनी वर्गणी जमवून सुमारे २१ हजार एकर जमीन विकत घेतली. पुतळा पाडण्यापेक्षा हे काम अवघड आणि कितीतरी टिकाऊ.

तेव्हा डनरॉबिनला जरूर जा, पोराबाळांना ससाणे दाखवा, बागेत मनसोक्त हिंडा. फक्त हाताशी एक दिवस जास्त ठेवा आणि त्यांना रोझललाही घेऊन जा. वाडा कोणी बांधला हे मार्गदर्शक सांगतो. तो कोणाच्या जिवावर उभा राहिला, हे त्या गुडघ्याएवढ्या भिंतींपाशी मुले स्वतःच विचारतील.