मसाल्यातील इथिलीन ऑक्साइड: पाकीट फेकून द्यायचे का?

एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएचचे तीन मसाले आणि एव्हरेस्टचा फिश करी मसाला यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात सिंगापूरने एव्हरेस्टचा तो मसाला बाजारातून परत मागवला. पुढे मे महिन्यात आपल्याकडील अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशात तपासलेल्या नमुन्यांत तो आढळला नसल्याचे सांगितले. तेव्हापासून पनवेलमधील रुग्णांचे नातेवाईक विचारत आले आहेत: डॉक्टर, मग खायचे काय?

इथिलीन ऑक्साइड हा वायू आहे. रुग्णालयात सिरिंज, कॅथेटर यांसारख्या वस्तू निर्जंतुक करायला तो वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. मात्र हा पुरावा मुख्यतः हा वायू वर्षानुवर्षे श्वासातून घेणाऱ्या कामगारांचा आहे. चिमूटभर मसाला खाल्ल्याने कोणी लगेच आजारी पडत नाही आणि त्यासाठी रक्ततपासणीही करायची गरज नाही. पण जे टाळता येते ते वर्षानुवर्षे पोटात का जावे, हा प्रश्न रास्तच आहे.

तो मसाल्यात येतो का, याचे उत्तर शेतात आहे. मिरची, मिरे, धणे बऱ्याचदा जमिनीवर वाळवले जातात. त्यातून साल्मोनेलासारखे जंतू येतात आणि कोरड्या मसाल्यात महिनोन्महिने टिकतात. हा कच्चा माल स्वस्तात शुद्ध करायचा सोपा मार्ग म्हणजे हा वायू. म्हणजे एका धोक्यावरचा उपाय दुसरा धोका घेऊन येतो. युरोपीय संघ मसाल्यात किलोला 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच अंश चालवून घेतो, अमेरिका 7 मिलिग्रॅमपर्यंत. भारतात अन्नासाठी त्याचा वापरच मान्य नाही. एकच पाकीट एका देशात पास आणि दुसऱ्यात नापास होते ते यामुळेही.

दुसरे मार्ग आहेत, आणि ते लांबही नाहीत. वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट संस्थेचा प्रकल्प 2000 सालापासून मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करतो (मसाला त्याने किरणोत्सारी होत नाही). वाफेची प्रक्रियाही चालते. पण मूळ काम त्याआधीचे आहे: कोणत्या मालात कोणता धोका संभवतो ते आधी ठरवणे, व्यापाऱ्याला वाळवणीच्या अटी घालणे, प्रत्येक खेप तपासणे. परवान्याच्या अटींनुसार उत्पादकाने परवानाधारक किंवा नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच माल घ्यायचा, त्याची नोंद ठेवायची आणि सहा महिन्यांतून किमान एकदा तपासणी करायची असते. सहा महिन्यांत किती खेपा येऊन जातात, याचा विचार केला की ही अट अपुरी वाटते. मे 2024 पासून स्पाइसेस बोर्डाने सिंगापूर-हाँगकाँगला जाणाऱ्या मालाची इथिलीन ऑक्साइडसाठी तपासणी सक्तीची केली. तीच काटेकोर नजर आपल्या किराणा दुकानात जाणाऱ्या मालावरही हवी, असे मला वाटते.

‘आम्ही तर घरचाच मसाला करतो’ असे म्हणत असाल, तर तिथे उत्पादक तुम्ही आणि मिरचीवाला तुमचा पुरवठादार. ओलसर, काळपट डाग पडलेली, कुबट वासाची मिरची घेऊ नका. त्यातल्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि भाजून ते पूर्णपणे जात नाही. डंकावर नेण्याआधी मिरची कडकडीत वाळलेली हवी, आणि कोकणातल्या पावसाळ्यात डबा हवाबंद.

केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत मला इथिलीन ऑक्साइडपेक्षा जंतूंची काळजी जास्त वाटते. अशांच्या ताटात कच्चा चाट मसाला, मिरपूड वरून भुरभुरू नका. मसाला फोडणीत किंवा रश्शात नीट शिजवून द्या.

विकतच्या पाकिटावर 14 अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख पाहा. सुटा, बिनलेबलचा मसाला टाळा. शंका आली तर पाकीट न फेकता बिलासह जपून ठेवा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला 1800222365 वर कळवा. बॅच क्रमांक असेल तरच तो माल कुठून आला ते शोधता येते.